परिसंस्थेच्या धड्यासाठी व्हिडिओ, सिम्युलेशन, ॲप निवडताना मी काय बघते

परिसंस्था शिकवायची म्हटलं की सगळ्यात आधी हात जातो तो सर्चकडे, मग एकदम शेकडो व्हिडिओ, गेम, रेडीमेड स्लाइड्स, रंगीत चार्ट समोर येतात, तास दीड तास त्यातच जातो आणि शेवटी दमून आपण जे दिसायला छान आहे ते उचलतो. मी बरीच वर्षं प्राथमिकच्या मुलांना विज्ञान शिकवतेय आणि कितीतरी वेळा असंच केलंय. वर्गात मुलं रमतात, श्वास रोखून बघतात, पण दुसऱ्या दिवशी "काल काय बघितलं?" असं विचारलं तर उत्तर येतं "सिंहाने हरीण पकडलं!" बस एवढंच. सिंह डोक्यात राहिला, बाकी काहीच नाही. म्हणून आता मी क्रम बदललाय आणि तोच इथे सविस्तर लिहितेय, कारण नवीन शिक्षक मला हेच विचारतात की नेमकं निवडायचं कसं.

आधी एक वाक्य लिहा, मग सर्च करा

तास संपल्यावर मुलाने स्वतःच्या शब्दांत काय सांगायला हवं ते एका वाक्यात लिहून काढायचं. "परिसंस्था समजणे" असलं नाही, ते वाक्य कुठल्याही व्हिडिओला लागू पडतं. वाक्य असं हवं: "झाड मेलं तरी त्याच्यातलं सगळं वाया जात नाही, बुरशी आणि बॅक्टेरिया ते मोडून मातीला परत देतात." किंवा "एक प्राणी नाहीसा झाला की ज्यांनी त्याला कधी खाल्लंच नव्हतं त्यांनाही फटका बसतो." बघा, ही दोन वाक्यं लिहिली की लगेच कळतं की पहिल्याला टाइमलॅप्स (हळू घडणारं भरभर दाखवणारा व्हिडिओ) लागेल आणि दुसऱ्याला सिम्युलेशन (काय बदललं तर काय होईल हे दाखवणारं संगणकातलं मॉडेल). सर्च बॉक्समध्येही मग नुसतं परिसंस्था न टाकता आपण पानं कुजणे, बुरशी, टाइमलॅप्स असं टाकतो आणि निम्मा कचरा आपोआप गळतो.

अजून एक गोष्ट मी या टप्प्यावर तपासते. इकोसिस्टिम, म्हणजेच परिसंस्था, हा शब्द आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये छापील लेखात आणला, आणि त्याचा मुद्दाच हा होता की प्राणी-वनस्पती वेगळे आणि माती-पाणी-हवा-ऊन वेगळं असं धरू नका, हे सगळं मिळून एकच व्यवस्था आहे. आता हे लक्षात ठेवून कुठलाही रेडीमेड व्हिडिओ बघा, दहातल्या बऱ्याच व्हिडिओंमध्ये फक्त प्राणी असतात. पाणी कुठून येतं, माती काय करते, ऊन कमी झालं तर काय, यातलं काहीच नाही. तो व्हिडिओ प्राण्यांवरचा आहे, परिसंस्थेवरचा नाही, मग शीर्षकात काहीही लिहिलेलं असो.

स्क्रीन कशासाठी हवीये?

माझा सगळ्यात मोठा नियम हाच आहे. जे मुलांना हात लावून, वाकून, खिडकीतून बघता येतं त्यासाठी स्क्रीन लावायची नाही. भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललीये आणि आपण वर्गात मुंग्यांचा व्हिडिओ दाखवतोय हे मला खरंच पटत नाही. कुंडीखालचा दगड उचलला की गांडूळ, गोम, मुंग्यांची अंडी, बुरशीचे पांढरे धागे सगळं एका जागी मिळतं, आणि तो ओला वास कुठल्याच व्हिडिओत येत नाही.

स्क्रीन लागते ती जे डोळ्यांना दिसूच शकत नाही त्यासाठी. एक म्हणजे फार हळू घडणारं, पान कुजायला महिने लागतात, टाइमलॅप्समध्ये ते मिनिटात दिसतं. दुसरं फार बारीक, मातीतले सूक्ष्मजीव. तिसरं फार लांबचं, खोल समुद्राचा तळ, ध्रुवावरचा बर्फ. चौथं खूप वर्षांत होणारा बदल. आणि पाचवं, ज्याचा प्रयोग करताच येत नाही ते, म्हणजे समजा सगळे लांडगे काढून टाकले तर, किंवा गवत उगवायचंच थांबलं तर. सापडलेला रिसोर्स या पाचांपैकी कशातच बसत नसेल तर मी तो बाजूला ठेवते, कितीही सुंदर असला तरी.

बाणाची दिशा बघा

हे मी जरा सविस्तर सांगते कारण इथे माझा स्वतःचा एक पूर्ण तास वाया गेलाय. एका साइटवरून अन्नसाखळीची स्लाइड घेतली होती, रंग छान, चित्रं छान, गवत, नाकतोडा, बेडूक, साप, ससाणा. घाईत होते, बाण नीट बघितलेच नाहीत. त्यात बाण उलटे होते, सापाकडून बेडकाकडे, बेडकाकडून नाकतोड्याकडे. मुलांनी वहीत तसंच उतरवलं. मग एका मुलीला विचारलं की हा बाण काय सांगतो गं, तर ती म्हणाली, "बाई, बेडूक नाकतोड्याकडे जातो ना त्याला पकडायला, म्हणून बाण तिकडे." तिच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं ते! चूक स्लाइडची होती आणि न तपासता लावणाऱ्या माझी.

अन्नसाखळीतला बाण म्हणजे कोण कोणाच्या मागे धावतंय ते नाही, ऊर्जा कुठून कुठे गेली ते. नाकतोडा बेडकाच्या पोटात गेला, तर बाण नाकतोड्याकडून बेडकाकडे. मुलांना मी आता "कोण कोणाच्या पोटात गेलं, तिकडे बाण" असं सांगते आणि ते पटकन बसतं. पण रिसोर्समध्येच उलटं असेल तर आपलं बोलणं आणि चित्र यांची मारामारी होते आणि चित्र जिंकतं. त्यामुळे कुठलीही स्लाइड, गेम, ॲनिमेशन उघडलं की माझी नजर आधी बाणावर जाते, बाकी सगळं नंतर.

बाण तपासताना अजून एक बघा. पुष्कळ चित्रांत ऊर्जा गोल गोल फिरताना दाखवतात, सूर्य, झाड, प्राणी, विघटक (मेलेलं कुजवणारी बुरशी, बॅक्टेरिया) आणि परत झाड. पदार्थ तसे फिरतात हे खरं, कार्बन, नायट्रोजन, पाणी परत परत वापरलं जातं. पण ऊर्जा फिरून परत येत नाही, ती प्रत्येक टप्प्यावर उष्णतेच्या रूपात निसटत जाते आणि म्हणून सूर्याकडून रोज नवीन यावी लागते. रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ च्या लेखात एका तळ्याचा हिशोब मांडून ऊर्जा पुढे पुढे कशी कमी होत जाते ते दाखवलं, आणि एका टप्प्यातली साधारण १० टक्के ऊर्जाच पुढच्या टप्प्यात जाते हा आपण पुस्तकात वाचतो तो ढोबळ नियम तिथूनच आला. ढोबळच आहे तो, प्रत्यक्षात आकडा कमी जास्त असतो. चौथी-पाचवीच्या मुलांना टक्के सांगायची गरज नाही पण गवत भरपूर, नाकतोडे त्याहून कमी, साप अगदी थोडे, हे चित्रात दिसायला हवं. पाच गवताच्या काड्या आणि पाच ससाणे अशा चित्राने मुलांचा अंदाजच चुकतो.

बाकी नेहमीच्या चुका पटपट सांगते. झाडं मातीतून अन्न खातात असं म्हणणारा व्हिडिओ लगेच बंद करा, झाड अन्न स्वतः बनवतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊन वापरून, मातीतून पाणी आणि क्षार घेतं. अळंबी म्हणजे झाड असं दाखवलेलं असेल तर तेही नको. विघटक साखळीच्या एकदम शेवटी ससाण्यानंतर चिकटवलेले असतात, म्हणजे मुलांना वाटतं की फक्त ससाणाच कुजतो, खरं तर बाण गवतापासून सगळ्यांकडून विघटकांकडे जायला हवेत. पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल एकाच बर्फावर शेजारी शेजारी असतील तर समजून जा की बनवणाऱ्याने काहीच तपासलेलं नाही, ध्रुवीय अस्वल उत्तरेला आर्क्टिकमध्ये आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धातले, त्यातले फक्त गॅलापागोस बेटांवरचे विषुववृत्तापर्यंत पोचलेत.

हल्ली एआयने बनवलेली चित्रं खूप येतात स्लाइड्समध्ये. त्यात पाय मोजा, खरंच मोजा. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ, मधमाशीला चार पंख. एआयचं चित्र लांबून एकदम झकास दिसतं आणि झूम केलं की मुंगीला मधूनच सातवा पाय फुटलेला असतो. लेबलंही तपासा, अक्षरं अर्धवट आणि अर्थहीन असतात. परिसंस्थेसाठी मी शक्यतो खरा फोटोच घेते.

व्हिडिओ

लांबी चार-पाच मिनिटांच्या वर गेली की मी तुकडा करते, अमुक मिनिटापासून अमुक मिनिटापर्यंत. व्हिडिओ अख्खा दाखवलाच पाहिजे असं काही नाही, कितीही चांगला असला तरी. रिचर्ड मेयर हे मानसशास्त्रज्ञ मल्टिमीडियातून माणसं कशी शिकतात यावर कितीतरी वर्षं काम करतायत, त्यांच्या प्रयोगांतून आलेल्या दोन गोष्टी मला रोज उपयोगी पडतात. एक म्हणजे मजेशीर पण विषयाशी संबंध नसलेला मसाला शिकणं कमी करतो, आणि दुसरं, मोठी माहिती छोट्या तुकड्यांत थांबत थांबत दिली की जास्त पोचते. सतत वाजणारं म्युझिक, मधेच उड्या मारणारं कार्टून, स्क्रीनभर चमकणारे शब्द, हे सगळं मी आता गुण म्हणून नाही तर अडचण म्हणून बघते.

आवाज बंद करून एकदा बघायचं, ही माझी जुनी सवय. म्यूट केल्यावरही चित्रांतून मुद्दा कळतो का? कळत असेल तर तो व्हिडिओ चांगला, कारण मग आवाज बंद ठेवून आपणच बोलू शकतो, आपल्या वेगाने, आपल्या शब्दांत, आणि मुलांना विचारू शकतो की आता काय होईल. बाहेरच्या भाषेतला चांगला व्हिडिओही असा वापरता येतो. ज्या व्हिडिओत फक्त एक माणूस बोलतोय आणि मागे जंगलाचे फोटो सरकतायत त्याला म्यूट केल्यावर काहीच उरत नाही.

निसर्गपट म्हणजे खरंच असणार असं आपण धरून चालतो, तसं नसतं. लेमिंग नावाचे छोटे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून उड्या टाकून जीव देतात हे लाखो लोकांना खरं वाटतं, त्यामागे १९५८ च्या एका गाजलेल्या निसर्गपटातलं दृश्य आहे, आणि त्यासाठी लेमिंग दुसरीकडून आणून कड्यावरून ढकलले होते. म्हणून "सगळ्यांना माहितीये" असली गोष्ट दिसली की मी दुसरीकडे जाऊन खात्री करते.

असंच अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या लांडग्यांचं. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, एल्क हरणं कमी झाली, काही ठिकाणी झाडं परत वाढली, एवढं खरं. पण लांडग्यांनी नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले अशी जी सरळसोट गोष्ट व्हिडिओंमध्ये सांगतात त्यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, कारण अस्वलं, प्युमा, शिकार, दुष्काळ, ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर नसणं हे सगळंही तिथे आहे. लहान मुलांना एक प्राणी गेल्याचा परिणाम दाखवायचा असेल तर मी समुद्री ऑटर, म्हणजे समुद्रातलं पाणमांजर, घेते. ऑटर समुद्री अर्चिन नावाचे काटेरी गोळ्यासारखे प्राणी खातात, अर्चिन केल्प नावाचं मोठं समुद्री शेवाळ खातात, आणि केल्पच्या जंगलात मासे राहतात. जेम्स एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांनी अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवर ऑटर असलेली आणि नसलेली बेटं तुलना करून १९७४ मध्ये हे मांडलं. ऑटर असलेल्या बेटाभोवती केल्पची दाट जंगलं, नसलेल्या बेटाभोवती अर्चिनच अर्चिन. दोन फोटो शेजारी शेजारी लावले तरी मुलं स्वतःच गोष्ट जोडतात.

सिम्युलेशन, माझं सगळ्यात आवडतं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. नेटलोगो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, युरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलेलं, आता ब्राउझरमध्येही चालतं, आणि त्याच्या मॉडेल लायब्ररीत लांडगे-मेंढ्यांचं एक मॉडेल आहे. दिसायला अगदी साधं, हिरवा चौकोन, पांढऱ्या मेंढ्या, काळे लांडगे, बाजूला आलेख. ते इंग्रजीत असल्याने आणि बटणं बरीच असल्याने मुलांच्या हातात देत नाही, प्रोजेक्टरवर मीच चालवते आणि मुलं सांगतात काय करायचं.

आधी गवताशिवायचा पर्याय निवडते, म्हणजे मेंढ्यांना खायची काळजीच नाही. मग विचारते की लांडगे आणि मेंढ्या सोडले तर काय होईल, हात वर करा, फळ्यावर अंदाज लिहायचे. सुरू केलं की थोड्याच वेळात आलेख भराभर वर-खाली व्हायला लागतो, लांडगे वाढतात, मेंढ्या संपतात, मग लांडगेही उपाशी मरतात. सगळा वर्ग गप्प. परत चालवलं की कधीकधी उलटं, लांडगेच संपतात आणि स्क्रीन मेंढ्यांनी भरून जाते. तेव्हा कोणीतरी म्हणतंच, "बाई, मगाशी तर वेगळं झालं होतं!" मला नेमकं हेच हवं असतं, कारण एकदा बघून निष्कर्ष काढायचा नाही हे इथे आपोआप कळतं. मग गवत चालू करते. आता मेंढ्यांनी खाल्लेली जागा तपकिरी होते आणि हळूहळू परत हिरवी, मेंढ्या जास्त झाल्या की गवत कमी, गवत कमी की मेंढ्या कमी, आणि आलेखात लाटा दिसायला लागतात, कितीतरी वेळ कोणीच संपत नाही. म्हणजे ज्या गवताकडे मुलांनी आधी ढुंकूनही बघितलं नव्हतं त्याने सगळा खेळ बदलला. उत्पादक, म्हणजे स्वतःचं अन्न बनवणाऱ्या वनस्पती, महत्त्वाचे असतात हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, पण ते कळलं इथे.

खरंच असं होतं का, हा प्रश्न येतोच. तेव्हा कॅनडातला लिंक्स हा रानमांजरासारखा प्राणी आणि बर्फातला ससा यांची गोष्ट सांगायची. हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या व्यापाराच्या जुन्या नोंदींतून दिसलं की साधारण दर १० वर्षांनी ससे आणि त्यांच्या मागोमाग लिंक्स वाढतात आणि कमी होतात.

आणि शेवटी एक प्रश्न न चुकता विचारा, या मॉडेलमध्ये काय नाहीये? मुलं सांगतात, पाऊस नाही, आजार नाही, मेलेल्या मेंढ्या गायब होतात, कुजत नाहीत. सिम्युलेशन म्हणजे खरं जग नाही हे त्यांनीच शोधून काढलं की जास्त चांगलं.

आता एक सावध करते. फेट सिम्युलेशन्स सगळ्यांना माहिती असतात, कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, फुकट, उत्तम, डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालतं. त्यात ससे आणि लांडग्यांचं एक सिम्युलेशन आहे, आणि ते बघून वाटतं की हेच तर हवं होतं! पण ते नैसर्गिक निवडीचं आहे, सशाचा रंग, दात, उत्परिवर्तन, पिढ्या, असं. प्राणी तेच असले तरी संकल्पना वेगळी आणि मोठ्या वर्गाची. वर लिहिलेलं आपलं एक वाक्य इथे कामाला येतं, वाक्याशी जुळत नाही म्हणजे आज नको.

जुनी सिम्युलेशन्स उघडत नसतील तर बहुतेक ती फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली असतात, ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं. कोणाच्या जुन्या यादीतून लिंक घेतली असेल तर तासाच्या आधी उघडून बघाच.

लाइव्ह कॅमेरा, नकाशे, ओळखणारी ॲप

पक्ष्यांच्या घरट्यावर, पाणवठ्यावर, धबधब्यावर लावलेले लाइव्ह कॅमेरे मला फार आवडतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब या पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे कॅमेरे आहेत, अलास्कातल्या कॅटमाई नॅशनल पार्कमध्ये ब्रुक्स फॉल्सवर तपकिरी अस्वलं सॅमन मासे पकडतात त्याचाही आहे. पण दहा मिनिटं काहीच घडत नाही असंही होतं. नुसतं "बघा" म्हटलं तर वर्गात गोंधळ होतो, म्हणून पाच मिनिटांचा तक्ता द्या, कोण आलं, किती वेळ थांबलं, काय केलं, आजूबाजूला निर्जीव काय काय दिसलं. वेळेचा फरकही लक्षात घ्या, आपला सकाळचा तास म्हणजे तिथे काळोख असू शकतो, तेव्हा रेकॉर्ड केलेले तुकडे हाताशी ठेवा. शेजारचा चॅट बॉक्स बंद करा किंवा फुल स्क्रीन करा. आणि हो, घरट्यात पिल्लं मरतात, कधी मोठं पिल्लू लहानाला मारतं, हे थेट मुलांसमोर होऊ शकतं, तर काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा.

खोल समुद्रासाठी नॉटिलस नावाच्या संशोधन जहाजाचे रोबो पाणबुडीतून घेतलेले व्हिडिओ बघा. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे सापडले आणि तिथे उन्हाचा थेंब नसताना तोंड आणि पोट नसलेले ट्यूबवर्म मजेत जगत होते, आतले बॅक्टेरिया रसायनांपासून त्यांचं अन्न बनवतात. प्रत्येक साखळी सूर्यापासूनच सुरू होते असं पाठ केलेल्या मुलांना हे दाखवा आणि त्यांचे डोळे बघा.

वर्षानुवर्षांच्या बदलासाठी गूगल अर्थचं टाइमलॅप्स, १९८४ पासूनची उपग्रह चित्रं आहेत. मध्य आशियातला अरल समुद्र शोधा आणि सोडून द्या, पाणी आटत आटत जाताना दिसतं, कापसाच्या शेतीसाठी त्याच्या नद्यांचं पाणी वळवलं त्याचा परिणाम. निर्जीव घटक बदलला की सजीवांचं काय होतं, मासेमारीची बंदरं कोरडी पडली, हे एका चित्रातून कळतं.

बाहेर जाणार असाल तर आयनॅचरलिस्टवाल्यांचं, प्राणी-वनस्पती कॅमेऱ्यातून ओळखणारं सीक ॲप, अकाउंट न काढता चालतं म्हणून लहान मुलांबरोबर सोयीचं. आवाजावरून पक्षी ओळखायला मर्लिन ॲप. पण फोन शिक्षकाच्या हातात ठेवा आणि आधी मुलांनी अंदाज सांगायचा, मग ॲप. नाहीतर काय होतं की सगळे स्क्रीनकडे बघतात आणि समोरचं फुलपाखरू उडून जातं. ॲप चुकतंही, विशेषतः फोटो धूसर असेल तर, आणि नाव कळलं म्हणजे काम झालं असंही नाही, हे काय खातं, याला कोण खातं, हे विचारायचं राहतंच.

क्विझ आणि ओढून-जोडायचे गेम याबद्दल थोडक्यात. स्वतः खेळताना काहीही न वाचता नुसतं क्लिक करत जा. तरीही शेवटपर्यंत पोचलात आणि स्टार मिळाले, तर मुलंही तेच करणार. चुकल्यावर नुसता लाल फुलीचा आवाज येतो का कारण सांगतात, एवढं बघा.

कंटाळवाणं पण करायलाच लागतं

वर्गातल्याच मशीनवर, वर्गातल्याच नेटवर चालवून बघा. घरी चाललं म्हणजे शाळेत चालेल असं नाही, साइट ब्लॉक असते, आवाज येत नाही, प्रोजेक्टरवर हिरवा रंग फिका पडतो. जमेल ते डाउनलोड करून ठेवा. ऑटोप्ले बंद करा, आधी येणारी जाहिरात आपण बघितलेली असायला हवी. लाल-हिरव्या बाणांवरच सगळा फरक अवलंबून असेल तर रंग नीट न ओळखता येणाऱ्या मुलाला तो चार्ट कळणारच नाही, त्याला लेबल किंवा वेगळ्या आकाराचा बाण हवा. सबटायटल आपोआप बनवलेले असतील तर शास्त्रीय शब्द भलतेच येतात, एकदा वाचून घ्या.

मुलांचं नाव, ईमेल, फोटो मागणारं ॲप असेल तर मी थांबते. एका ॲपला मी घाईत वर्गाची खरी नावं भरून दिली होती आणि नंतर कळलं की स्कोअरबोर्ड सगळ्यांना दिसतोय, ते काढायला मला आठवडा लागला. तेव्हापासून नंबर किंवा प्राण्यांची टोपणनावं.

फोटो आणि चार्ट घेताना लायसन्स बघायची सवय लावा. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली ते लिहिलेलं असतं. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या, इतरांना वापरायची परवानगी देणाऱ्या लायसन्समध्ये बीवाय म्हणजे बनवणाऱ्याचं नाव द्यायचं, एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही, एसए म्हणजे बदल करून पुढे देताना तेच लायसन्स ठेवायचं. आणि एनडी म्हणजे बदललेलं चित्र पुढे शेअर करायचं नाही, हे फार जणांना माहीत नसतं. इंग्रजी लेबलं काढून आपल्या भाषेत टाकून तो चार्ट सगळ्या ग्रुपवर पाठवायचा असेल तर एनडी असलेला घेऊ नका, दुसरा शोधा.

वर्गात लावताना

लावायच्या आधी मुलांना दोन मिनिटांत चित्र काढायला सांगा, तळं काढा आणि त्यात कोण कोणावर जगतं ते बाणाने दाखवा. मग रिसोर्स, मधे दोन-तीनदा थांबवून "आता काय होईल?", आणि शेवटी त्याच चित्रावर दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्ती. निवड बरोबर होती का हे मला दुसऱ्या रंगावरून कळतं. पहिल्या चित्रात मासे, बगळा, बेडूक असतात, दुसऱ्या रंगात सूर्य येतो, शेवाळ येतं, तळाशी चिखलात बॅक्टेरियाचे ठिपके येतात. एका मुलाने मेलेल्या माशाकडून, पानाकडून, बगळ्याकडूनसुद्धा ठिपक्यांकडे बाण काढले होते, सगळं चित्र बाणांनी भरून गेलं होतं. दुसरा रंग जवळपास कुठेच दिसला नाही तर मी तो रिसोर्स यादीतून काढते, मुलांना कितीही आवडला असला तरी.

यादी म्हणजे साधी वही आहे. प्रत्येकाची एक नोंद, कुठल्या वाक्यासाठी वापरला, कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंत, त्यात काय चुकीचं आहे, मुलांनी काय विचारलं, लिंक शेवटची कधी तपासली. लांडगे-मेंढ्यांच्या नोंदीत शेवटी लिहिलंय, "गवत नसलेलं आधी, दोनदा चालवणे, मग गवत. मेलेल्या मेंढ्या कुठे जातात हे विचारलं, पुढचा तास कुजण्यावर."